स्वादुपिंडाच्या आजारात दृष्टिपटल तपासायचे, तर कोणते यंत्र?

अभ्यासाचा आराखडा करताना बहुतेकांची नजर आधी ओसीटी-अँजिओग्राफीकडे (दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) जाते. पण रुग्ण बसू शकतो का, हे आधी बघा. स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेला रुग्ण आयसीयूत आडवा असतो. हनुवटी टेकवून बसवणारे यंत्र तिथे निरुपयोगी. तिथे हातात धरायचा फंडस कॅमेराच (दृष्टिपटलाचा फोटो काढणारा) चालतो. ट्रॉपिकामाइड १% टाकल्यावर बाहुली पुरेशी मोठी व्हायला २०-३० मिनिटे लागतात. थेंब टाकल्याची वेळ केसपेपरवर लिहा, नाहीतर रात्रपाळीचा डॉक्टर ती मोठी बाहुली मेंदूच्या बिघाडाची खूण समजून मेंदूचा सीटी सांगेल.

या टप्प्यावर शोधायची ती पुर्चरसारखी रेटिनोपॅथी, म्हणजे स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेत दृष्टिपटलाला होणारी इजा: कापसासारखे ठिपके, थोडे रक्तस्राव, आणि बारीक धमन्यांलगत पण त्यांच्यापासून जराशी फट सोडून असलेले बहुकोनी पांढरे चट्टे. रंगीत फोटोत हे ओळखू येते. दाह रक्तात ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढल्यामुळे असेल तर रक्तवाहिन्या दुधाळ दिसू शकतात, बहुधा पातळी २५०० मिग्रॅ/डेसिलिटरच्या पुढे गेल्यावर. त्यासाठी कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स बंद ठेवा. तो नेमका हाच रंग 'दुरुस्त' करून टाकतो.

फोटोतले ठिपके मात्र काही आठवड्यांत विरतात. नुकसान किती उरले हे ओसीटी (प्रकाशाने दृष्टिपटलाचे थर छेद घेतल्यासारखे दाखवणारा स्कॅन) सांगते. तिचा खोलीतला बारकावा सुमारे ५ मायक्रॉनचा. सुरुवातीला आतले थर चकाकतात, फुगतात. पुढे तेच पातळ होतात. रुग्ण बसता झाला की पहिला स्कॅन घ्या आणि नंतरचे सगळे फॉलो-अप मोडमध्ये (आधीच्याच जागी स्कॅन घेणारी सोय), त्याच यंत्रावर. दोन कंपन्यांच्या यंत्रांवरची जाडी जुळत नाही.

खरी ओढाताण दोन अँजिओग्राफींत आहे. फ्लुरेसीन अँजिओग्राफीसाठी (चमकणारा डाय देऊन काढलेले फोटो) शिरेतून साधारण १०% द्रावण ५ मिली द्यावे लागते. त्याने मळमळते, आणि हा रुग्ण आधीच उलट्यांनी बेजार असतो; क्वचित गंभीर अ‍ॅलर्जीही होते. पण रक्तवाहिन्यांतली गळती दाखवणारी तीच. ओसीटी-अँजिओग्राफीला डाय लागत नाही, केशिकांचे थर वेगळे दिसतात, हवी तितक्यांदा करता येते. गळती मात्र अजिबात दिसत नाही. डोळा हलला की पट्टे उमटतात, वरच्या वाहिन्यांची सावली खालच्या थरात पडते. यंत्राने दिलेला सिग्नलचा गुण दहापैकी सातच्या खाली असेल तर स्कॅन बाद करा. मध्यभागी वाहिन्या नसलेला भाग निरोगी माणसांतही लहानमोठा असतो, म्हणून डोळ्याची लांबी मोजून दुरुस्ती करा आणि शक्य तिथे रुग्णाची तुलना त्याच्याच आधीच्या स्कॅनशी करा.

आमचे मत: तीव्र आजाराला फोटो आणि ओसीटी पुरे. ओसीटी-अँजिओग्राफी जुनाट आजाराच्या गटासाठी राखा. फ्लुरेसीन उपचार ठरवायला लागेल तेव्हाच. जुनाट गटात टाइप ३सी मधुमेह (स्वादुपिंडाच्या आजारामुळे झालेला) निघतोच, तेव्हा तुलनेचा गट निरोगी नको. तितकीच वर्षे मधुमेह आणि तेवढेच एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) असलेले, पण स्वादुपिंड ठीक असलेले रुग्ण घ्या. नाहीतर साखरेचा परिणाम स्वादुपिंडाच्या नावावर खपेल.

चरबी न पचणाऱ्या रुग्णाने रात्री दिसत नाही अशी तक्रार केली, तर यांतले कोणतेच यंत्र पुरणार नाही. चरबीबरोबर शोषले जाणारे व्हिटॅमिन ए कमी असूनही फोटो आणि ओसीटी नॉर्मल येऊ शकतात. तिथे ईआरजी (प्रकाशाला दृष्टिपटल देते तो विद्युत प्रतिसाद मोजणारी तपासणी) करा, रक्तातली व्हिटॅमिन एची पातळी बघा. या दोन्ही तपासण्या पूरक औषध सुरू होण्याआधी जमल्या तर उत्तम, पण तेवढ्यासाठी औषध थांबवू नका.