टच बार की साधी बटणं: बोटांना विचारा

ॲपलनं २०१६च्या मॅकबुक प्रो लॅपटॉपवर वरच्या ओळीत बटणांऐवजी टच बार (स्पर्शानं चालणारी पडद्याची पातळ पट्टी) दिला आणि एस्केपचं बटणसुद्धा काचेखाली गेलं. कारागिरी सुरेख, पण वापरायला त्रासदायक. खऱ्या बटणाची कड बोटाला न बघता सापडते, दाबल्याचं कळतं. इथे नजर खाली न्यावीच लागते. शिवाय आकडे टाइप करताना बोट जरा वर टेकलं की आवाज बंद, नाहीतर सिरी (ॲपलची बोलती मदतनीस) हजर! स्पर्श पुरतो, दाब लागतच नाही, हे त्याचं मूळ.

बार गोठला तर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर या मॅकमधल्या, चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या ॲपमधून टचबारसर्व्हर (बार चालवणारा प्रोग्राम) बंद करा. तो आपोआप पुन्हा सुरू होतो. एस्केपसाठी कीबोर्ड सेटिंगमधल्या मॉडिफायर कीजमध्ये कॅप्स लॉकला ते काम द्या. (तसंही कॅप्स लॉक कोण वापरतं?) सिरीचं बटण बारवरून काढून टाकलेलं बरं.

२०१९च्या सोळा इंची मॉडेलमध्ये एस्केप परतलं, २०२१च्या चौदा-सोळा इंचींतून बारच गेला. डेलच्या एक्सपीएस १३ प्लसवर मात्र २०२२मध्ये पुन्हा तीच स्पर्शाची ओळ! एफ५, एफ१०सारखी वरच्या ओळीतली बटणं सतत लागणाऱ्या प्रोग्रामरनं ती टाळावी. ब्राइटनेस-आवाजापुरती चालून जाईल.