हेरमान्सलाउफ: उतार जास्त, म्हणूनच अवघड

हेरमान्सलाउफ म्हणजे जर्मनीतली 'हेरमानची दौड'. इ.स. ९ मध्ये टोइटोबुर्गच्या लढाईत रोमन फौजांची धूळधाण उडवणारा आर्मिनियस जर्मनांच्या तोंडी 'हेरमान' झाला. डेटमोल्डजवळच्या त्याच्या ५३ मीटर उंच स्मारकापासून बीलेफेल्डच्या श्पारनबुर्ग किल्ल्यापर्यंतची ही ३१.१ किलोमीटरची शर्यत १९७२ पासून एप्रिलअखेरीस होते.

चढ साधारण ५०० मीटर, उतार ७०० च्या आसपास. आकडे वाचून मार्ग सोपा वाटतो आणि तिथेच गणित चुकतं. स्मारक डोंगरमाथ्यावर असल्याने सुरुवातच उताराची; पाय मोकळे सोडले की मांड्यांचे पुढचे स्नायू इथेच पिळून निघतात आणि त्याची वसुली शेवटच्या दहा किलोमीटरांत होते. मध्यावर ट्योन्सबेर्गचा चढ; तो झपझप चालत काढला तरी वेळेत फारसं नुकसान नाही. ओएर्लिंगहाउझेन गावात उतरताना फरसबंदी रस्ता, गर्दीचा जल्लोष, आणि त्या भरात वेग वाढतो. आवरा. कारण खरी परीक्षा पुढच्या लेमर्सहागनच्या पायऱ्यांची. तिथे पोटऱ्यांत गोळे येतात. त्यानंतरही आयझर्नर आन्टोनचा चढ उरतोच.

वाट जंगलातली: वाळू, मुळं, दगड. पावसानंतर चिखल. हलके ट्रेल शूज बरे, पण फार खोल खाचांचे नकोत, डांबर आणि फरसबंदीवर ते त्रास देतात.

सुरुवात एका गावी, शेवट दुसऱ्या. त्यामुळे मुक्काम बीलेफेल्डलाच करा. नावनोंदणी झटपट भरते. सपाटीवर मॅरेथॉन पळणाऱ्यांनी आधी दोन महिने उतारावर सराव करावा.