फुलातलं बी की फ्लास्कमधलं मांस? पीएचडीचा विषय निवडताना

एमएस्सी संपवून पीएचडीच्या अर्जांना लागलेली मुलं हल्ली हे दोन विषय घेऊन विचारायला येतात: बीजधारी वनस्पतींचं पुनरुत्पादन घेऊ, की प्रयोगशाळेत वाढवलेलं मांस? वरवर पाहता यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्र) या एकाच संस्थेत दोन्हींवर काम झालं आहे, आणि निर्जंतुक हातांनी पेशी जपायची शिस्तही दोन्हीकडे तीच. मी फुलांच्या बाजूची आहे, हे आधीच सांगते.

बारावीच्या प्रॅक्टिकलला सदाफुलीचे पराग साखर आणि बोरिक आम्लाच्या थेंबात टाकले होते, आठवतं? थोड्या वेळाने परागकणातून काचेसारखी पारदर्शक नळी फुटते आणि तिच्या आतले कण वाहताना दिसतात. फुलात हीच परागनलिका दोन पुंयुग्मके, म्हणजे नर प्रजननपेशी, घेऊन बीजांडापर्यंत जाते. एकाच्या मीलनातून गर्भ तयार होतो, दुसऱ्याच्या मीलनातून त्याला पोसणारा भ्रूणपोष. नवाशिन यांनी हे दुहेरी फलन 1898 मध्ये दाखवलं. आपली ज्वारीची भाकरी मुख्यतः त्या भ्रूणपोषाचीच.

नळीला वाट कोण दाखवतं? जपानच्या हिगाशियामा यांच्या गटाने 2009 मध्ये टोरेनियाच्या फुलात उत्तर शोधलं. टोरेनियाचा भ्रूणकोष, म्हणजे अंडपेशी सामावणारा भाग, बीजांडातून थोडा बाहेर डोकावतो, म्हणून मीलन थेट पाहता येतं. त्यातल्या सहायक पेशी छोटी प्रथिने सोडतात आणि नळी त्यांच्या रोखाने वळते.

हा विषय आपल्याकडे उपरा नाही. दिल्ली विद्यापीठात पंचानन महेश्वरींच्या गटाने 1962 मध्ये अफूच्या बीजांडांचं फलन परीक्षानळीत घडवलं. तिथेच 1964 मध्ये शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशातून एकगुणित, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेली, रोपं मिळवली. पैदासकार ती युक्ती आजही वापरतात.

सध्याचा मोठा प्रश्न फलनाशिवाय बी तयार करण्याचा. संकरित वाणाचं बी राखून पुढच्या वर्षी पेरलं तर रोपांत गुण विखुरतात, सगळी सारखी येत नाहीत, म्हणून शेतकऱ्याला दरवर्षी नवं बी विकत घ्यावं लागतं. संकरित कपाशीच्या बीजोत्पादनात मजूर संध्याकाळी कळी उघडून पुंकेसर काढतात आणि दुसऱ्या सकाळी पराग लावतात, एकेका फुलाला, हाताने. अर्धसूत्री विभाजन (प्रजननपेशी बनताना गुणसूत्रं निम्मी करणारं) आणि फलन दोन्ही टाळता आलं, तर संकराचं बी हुबेहूब आईसारखंच उगवेल. सीसीएमबीतल्या इम्रान सिद्दिकींच्या गटाने 2008 मध्ये अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये (मोहरीच्या कुळातलं, प्रयोगांत वापरलं जाणारं छोटं रोप) यातला पहिला, म्हणजे अर्धसूत्री विभाजन टाळण्याचा, टप्पा दाखवला. 2022 पर्यंत संकरित भातात अशी बिजं 95 टक्क्यांच्या वर गेली. ज्वारी-बाजरीत हे शेतापर्यंत पोचलं तर आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा केवढा खर्च वाचेल!

मांसाच्या बाजूला प्रश्न वेगळ्या जातीचे आहेत. मार्क पोस्ट या डच शास्त्रज्ञाने 2013 मध्ये लंडनमध्ये खाऊ घातलेल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसाच्या एका बर्गरला सुमारे अडीच लाख युरो लागले होते. सिंगापूरने 2020 मध्ये आणि अमेरिकेने 2023 मध्ये अशा कोंबडीच्या विक्रीला परवानगी दिली. इटलीने 2023 मध्ये बंदी घातली. स्नायूच्या मूळ पेशी वाढतात आणि एकमेकींत मिसळून तंतूही बनवतात, एवढं कळलेलं आहे. अडतं ते पुढे. वनस्पतीपेशीसारखी भिंत नसल्याने मोठ्या टाकीत (बायोरिअ‍ॅक्टरमध्ये) जोरात ढवळलं की पेशी फाटतात. रक्तवाहिन्या नसल्याने जाड थराच्या आतल्या पेशींना प्राणवायू पुरत नाही, त्यामुळे खिम्यासारखा पदार्थ जमतो पण अख्खा तुकडा अवघड. गाईच्या गर्भाच्या रक्तातलं सीरम वगळून स्वस्त पोषकद्रव बनवणं, हे आणखी एक कोडं. जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, स्नायूपेशींना सुमारे एक दिवस लागतो. शुक्रवारी हात चुकून जिवाणू शिरले की सोमवारी फ्लास्क गढूळ.

म्हणून मला हे काम जीवशास्त्राइतकंच रासायनिक अभियांत्रिकीचं वाटतं. बायोरिअ‍ॅक्टरची आवड असेल तर बेधडक जा. ही कौशल्यं लस आणि औषधांच्या कारखान्यातही चालतात, त्यामुळे मांसाचा धंदा थंडावला तरी नोकरीचा रस्ता उरतो. मात्र बरंच काम खासगी कंपन्यांत चालतं, तिथलं सगळंच छापून येत नाही. प्रबंधासाठी काय प्रसिद्ध करता येईल, हे प्रवेशाआधीच लेखी विचारून घ्या.

फुलांत अडचण वेळेची. अ‍ॅराबिडॉप्सिस दोनेक महिन्यांत बी देतं, पण शेतातल्या पिकावर काम घेतलंत आणि एक हंगाम हुकला, तर फेलोशिपचं अख्खं वर्ष जातं. पैसाही बहुतेक सरकारी, म्हणजे हप्ता उशिरा येणार हे धरूनच चाला. तरीही प्रश्नाच्या ओढीने काम करणाऱ्याला मी फुलांकडेच पाठवेन. अजून मन ठरत नसेल, तर दोन्ही प्रकारच्या प्रयोगशाळांत एकेक महिना काढा, आणि तिथल्या चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला चहाला नेऊन विचारा, की गेल्या वर्षभरात त्याचा सगळ्यात जास्त वेळ कशात गेला.