टॅक्रोलिमस – दोन वर्षांचा अनुभव, ४ स्टार

आईने किडनी दिली त्याला आता दोन वर्षं झाली आणि तेव्हापासून सकाळी ९ नि रात्री ९ ला मोबाईलचा अलार्म वाजला की घरात सगळे एकदम ओरडतात, "गोळी!" टॅक्रोलिमस म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध. कॅप्सूल छोटीशीच, अर्धा आणि एक मिलिग्रॅमची, पण नखरे फार. रक्तातली औषधाची लेव्हल तपासायची तर सकाळचा डोस न घेता लॅबमध्ये जायचं, आधी रक्त द्यायचं मग गोळी, मी एकदा सवयीने घेऊन गेलो आणि फेरी फुकट.

काम मात्र चोख करते, क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते दाखवणारा रक्तातला आकडा) १.२ वर टिकून आहे. पहिले काही महिने हात असा थरथरायचा की चहा बशीत जास्त नि कपात कमी, डोस उतरवल्यावर थांबलं. शुगरपण वाढू शकते त्यामुळे तीही बघतो. पपनस बंद, रक्तातली लेव्हल वाढते म्हणे, गणपतीत आलेलं सगळं शेजाऱ्यांकडे गेलं 😄

एक स्टार कापला तो खरं तर मेडिकलवाल्यामुळे. न विचारता दुसऱ्या कंपनीचं पाकीट दिलं, वर "साहेब, सेमच आहे हो". अहो सेम नाही ना! ह्या औषधात कंपनी बदलली की लेव्हल हलू शकते, डॉक्टरांना सांगून पुन्हा रक्त तपासावं लागतं. आता स्ट्रिपवरचं नाव दुकानातच वाचतो, आणि पंधरा दिवसांचा साठा शिल्लक असतानाच पुढची ऑर्डर देतो.