दुसरी पदवी, १४ महिने आणि माझे हलणारे ओठ

नोकरी सांभाळून मी संगणकशास्त्राची दुसरी पदवी ऑनलाइन करतोय. गेल्या आठवड्यात तिचा अल्गोरिदमचा पेपर ४१व्या मिनिटाला बंद पडला. नेट गेलं नव्हतं, वीज गेली नव्हती. प्रश्न वाचताना माझे ओठ हलत होते, एवढंच. परीक्षेवर कॅमेऱ्यातून पहारा ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची लाल पट्टी आली, 'संशयास्पद संभाषण', आणि स्क्रीन जागच्या जागी थिजली. मी लहानपणापासून पुटपुटत वाचतो. १५ वर्षं हिशेबतपासणीच्या नोकरीत आकड्यांचे रकाने असेच वाचले, कुणाची तक्रार आली नाही. त्याच रागात हे लिहायला बसलोय, तेव्हा थोडं तिखट लागलं तर समजून घ्या.

या दुसऱ्या पदवीचा प्रकार असा. आधीची पदवी असल्याने भाषा, समाजशास्त्र वगैरे माफ. उरतं संगणकशास्त्र आणि त्याला लागणारं गणित. माझ्या वाट्याला १५ विषय आले, ९ झाले. नोकरी सांभाळून सत्राला दोन विषय झेपतात. एकदा हौसेने तीन घेतले, एक सोडावा लागला, आणि सोडला तो नेमका डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे माहिती रचून ठेवायच्या पद्धती. त्याच्याशिवाय पुढचं दारच उघडत नाही, त्यामुळे सगळं वेळापत्रक एक सत्र मागे गेलं. कोणता विषय कशावर अडकलाय, हा तक्ता पहिल्याच दिवशी काढून भिंतीला लावा.

मी मुळात हिशेबी. एमआयटीने अभ्याससाहित्य खुलं करायची घोषणा २००१ सालीच केली, हार्वर्डचा सीएस५० हा संगणकशास्त्राची ओळख करून देणारा अभ्यासक्रम फुकट बघता येतो, मग पैसे कशाला मोजायचे? म्हणून आधी सहा महिने फुकटचंच शिकलो. सी या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या पॉइंटरपर्यंत (मेमरीतला पत्ता धरून ठेवणारी भानगड) चारदा पोचलो आणि चारही वेळा तिथेच बसलो. पाचव्यांदा पार झालो, कारण तोवर फी भरली होती. फी भरलेला माणूस रात्री दीडला सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लावून प्रोग्रॅम का कोसळला ते, शोधत बसतो. फुकट बघणारा लॅपटॉप मिटून झोपतो.

तरी पहिल्या सत्राअखेर माझं मत 'घेऊ नका' असंच होतं. व्हिडिओ जुने, आवाज डब्यातून आल्यासारखा, आणि गृहपाठ तपासतो ऑटोग्रेडर नावाचा प्रोग्रॅम. मशीनलाच तपासायचं असेल तर फी कसली घेता?

मत बदललं ते बायनरी सर्चमुळे. क्रमाने लावलेल्या यादीत मधोमध बघायचं, नको तो अर्धा भाग सोडायचा, असं करत हवी ती नोंद शोधायची पद्धत. मधला क्रमांक काढायला मी सगळे करतात तेच केलं: पहिला अधिक शेवटचा, भागिले दोन. ऑटोग्रेडरने १०० पैकी १०० दिले. दोन दिवसांनी टीएने (प्राध्यापकांच्या मदतनिसाने) खाली एकच ओळ लिहिली: 'ही बेरीज २१४७४८३६४७ च्या वर गेली तर?' ३२ बिटांच्या इंटीजरमध्ये, म्हणजे पूर्णांकासाठी ठेवलेल्या जागेत, त्याहून मोठी संख्या मावत नाही. बेरीज ओसंडते आणि उत्तर ऋण येऊ शकतं. नेमकी हीच चूक जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीत (तयार कोडच्या संग्रहात) सुमारे नऊ वर्षं दडून होती, तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ साली त्यावर लिहिलं. उपाय सोपा: आधी वजाबाकी करा, तिचं अर्धं करा, मग पहिल्यात मिळवा. नोंदी बरोबर, पण बेरीज रकान्यात मावत नाही, ही भानगड हिशेबतपासनिसाला सांगावी लागत नाही. तरी मला ती दिसली नव्हती. त्या एका ओळीने त्या विषयाची फी वसूल झाली असं मी धरतो.

'मास्टर्सच का नाही केलं?' हे सगळे विचारतात. जॉर्जिया टेकचं ऑनलाइन मास्टर्स २०१४ पासून चालू आहे, चांगलंच नावाजलेलं आहे. पण मला ॲरे आणि लिंक्ड लिस्ट या यादी साठवायच्या दोन अगदी प्राथमिक पद्धतींतला फरकही सांगता येत नव्हता. आज वाटतं, डिस्क्रीट मॅथ, डेटा स्ट्रक्चर्स आणि ऑपरेटिंग सिस्टीम एवढेच विषय सुटे करून तिकडे वळता आलं असतं. पैसेही वाचले असते. असो, त्यावर फार विचार करत नाही. बऱ्याच इंटर्नशिप चालू विद्यार्थ्यांसाठीच असतात, तिथे मात्र ही पदवी कामी येते. एक मुलाखत झाली, निवड झाली नाही. नोकरी अजून जुनीच.

आता पुन्हा त्या पहारेकरी सॉफ्टवेअरकडे. परीक्षेआधी कॅमेरा हातात धरून खोली दाखवा, टेबलाखाली दाखवा, कान दाखवा. कच्चा कागद नाही. टिपणं त्यांच्या चौकटीत टाइप करायची. सर्वांत जवळचा रस्ता शोधणारा डाइक्स्ट्राचा अल्गोरिदम हाताने चालवून दाखवा म्हणतात, आणि मी आडव्या-उभ्या रेघा टाइप करून ग्राफ, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणारे रस्ते, काढत बसतो. डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने स्वतः तो १९५६ साली कॅफेत बसून, कागद-पेन्सिलीशिवाय, सुमारे वीस मिनिटांत रचला, असं त्यानेच सांगितलंय. तो डाइक्स्ट्रा होता; मला कागद लागतो. शिवाय तेव्हा त्याच्यासोबत त्याची होणारी बायको होती. आमच्या सॉफ्टवेअरने 'दुसरी व्यक्ती आढळली' म्हणून त्याला तिसऱ्या मिनिटालाच बाहेर काढलं असतं.

तक्रारीचे तीन मेल केले. पहिल्या दोन्हींना शब्दशः एकच उत्तर आलं, 'आपल्या संयमाबद्दल आभार' यासकट. मी संयम दाखवलाच नव्हता. तिसरा मेल थेट प्राध्यापकांना टाकला. त्यांनी अख्खं रेकॉर्डिंग ऐकलं आणि कळवलं: तुम्ही एकच प्रश्न तीनदा वाचलात आणि तिन्ही वेळा चुकीच्या दिशेने गेलात, कुणी मदत करत असतं तर असं झालं नसतं. आरोप मागे घेतलाय.

फेरपरीक्षा शनिवारी आहे. सॉफ्टवेअर तेच. अल्गोरिदम बाजूला ठेवून सध्या ओठ मिटून वाचायचा सराव करतोय.