मुलांसह सर्फिंगची पहिली सुट्टी: मुळकी की वेलिगामा?

गोव्याचा विषय आधीच बाजूला ठेवतो. मुलांना एखादी सकाळ फोम बोर्डवर पालथं झोपून फेसाबरोबर किनाऱ्याला यायचं असेल, तर आश्वे-मांद्रे छान आहे. पण सलग पाच दिवस शिकायचं म्हटलं की डिसेंबर-जानेवारीत तिथला समुद्र पुष्कळदा तळ्यासारखा शांत असतो. त्यामुळे खरी निवड उरते ती मंगळूरजवळच्या मुळकीची आणि श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वेलिगामाची. दोन्हीकडे वाळूचा तळ, ऊबदार पाणी आणि शिकवणारी अनुभवी मंडळी आहेत.

लाटेपुरतं बोलायचं तर वेलिगामा सरस आहे, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. उपसागर घोड्याच्या नालाच्या आकाराचा आहे. बाहेरची लाट आत शिरताना जोर गमावते आणि सावकाश, लांबपर्यंत फुटत येते. मुलाला उठून उभं राहायला दोन सेकंद जास्त मिळतात, आणि शिकण्याच्या वयात ते दोन सेकंद फार असतात. भरती-ओहोटीतला फरक मीटरभरही नाही, म्हणून धड्याची वेळ रोज बदलावी लागत नाही. नोव्हेंबर ते एप्रिल हा मोसम. मेपासून नैऋत्य वारे सुरू झाले की तो पूर्व किनाऱ्यावर, आरुगम बेकडे सरकतो.

मग अडतं कुठे? सुटलेल्या बोर्डांपाशी.

नाताळाच्या आठवड्यात वेलिगामाच्या फेसाळ पट्ट्यात नवशिक्यांची दाटी होते. नवशिका पडला की बोर्ड त्याच्या हातून सुटतो, आणि लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधणारी दोरी, त्याला थांबवते खरी, पण बोर्डाची लांबी अधिक लीशची लांबी एवढं अंतर गेल्यावर. मोठ्या माणसाचा आठ फुटी बोर्ड आणि आठ फुटी लीश धरली, तर धोक्याचं वर्तुळ सोळा फुटांचं, म्हणजे जवळपास पाच मीटरचं होतं. मुलाच्या समुद्राकडच्या बाजूला एवढी जागा मोकळी हवी. गर्दीच्या दिवशी ती मिळत नाही. सॉफ्टटॉप म्हणजे मऊ बोर्ड असं आपण धरून चालतो, पण लाटेनं ढकललेला आठ फुटी बोर्ड मऊ असला तरी जड असतो आणि त्याच्या तळाची पाती नेमकी मुलाच्या डोक्याच्या उंचीवर येतात. शिक्षक कितीही चांगला असला, तरी त्याचं निम्मं लक्ष मागून येणाऱ्यांवर राहतं. मुलाला लाटेत ढकलण्याआधी तो दोन चांगल्या लाटा सोडून देतो. आमच्या अनुभवात एका तासात प्रत्यक्ष किती लाटा हाती लागल्या हे धरलं, तर लाट उत्तम असूनही हिशेब मुळकीच्या बाजूनं झुकतो.

त्यातच आणखी एक लहानशी गोष्ट. अनेक शाळा आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांना एकाच रंगाचे लायक्रा शर्ट देतात. किनाऱ्यावरून पाहताना आपलं मूल कोणतं, हे ओळखता येत नाही. वेलिगामाला जाणार असाल तर भडक नारिंगी किंवा गुलाबी, पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे कातडी घासू न देणारा अंगाबरोबरचा शर्ट, घरूनच न्या. तो मुळकीतही लागतोच, कारण फोम घासून पहिल्या दिवशीच पोट आणि काखा सोलवटतात, आणि मग दुसऱ्या दिवशी मूल पाण्यात उतरायला तयार होत नाही.

मुळकीत लाट लहान आणि जरा घाईची असते. जानेवारीत ती मोठ्यांच्या कंबरेच्या वर क्वचितच जाते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला तेवढीच पुरे. इथला सर्फिंग आश्रम २००४ पासूनचा. देशातला पहिला सर्फ क्लब म्हणून तो ओळखला जातो, आणि जवळच्या ससिहित्लू किनाऱ्यावर २०१६ मध्ये इंडियन ओपन स्पर्धा झाली होती. म्हणजे शिकवण्याची परंपरा आहे, पण नवशिक्यांची जत्रा नाही. शनिवार-रविवारी मात्र बेंगळुरूची मंडळी येतात. रविवारी संध्याकाळी पोहोचून शुक्रवारी निघालात, तर पाण्यात ऐसपैस जागा मिळते.

मुळकीचा दोष वेगळा आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. इथे शांभवी आणि नंदिनी नद्यांचं मुख आहे. ओहोटी लागली की खाडीचं पाणी समुद्राकडे ओढ घेतं. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ही ओढ मोठ्यांनाही जाणवते. भांगात, म्हणजे अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, ती मंद असते. म्हणून तारखा ठरवताना पंचांग बघा. शक्य तर अष्टमीच्या आसपासचे दिवस धरा आणि धडा मुखापासून दूर, चढत्या भरतीत घ्या. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे सोमवारची सात वाजताची वेळ गुरुवारी चालेलच असं नाही. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की लाट विस्कटते, म्हणून सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत आटोपलेलं बरं.

लाटा फुटताहेत आणि मध्येच एक गडद, सपाट पट्टा दिसतोय, फेस त्यातून आत न येता बाहेर चाललाय, तर ती समुद्राकडे नेणारी ओढ समजावी. तिथे मुलांना उतरवू नये. ओढीत सापडलंच तर बोर्ड सोडायचा नाही, त्यावर पालथं राहून किनाऱ्याला समांतर हात मारायचे, हे पाण्यात शिरण्याआधी वाळूवर दोनदा करून घ्यावं.

बोर्डाबाबत दोन्हीकडे एकच चूक होते. वेगळा नसला की मुलाला मोठ्यांचा बोर्ड देतात. पंचवीस-तीस किलोच्या मुलाला सहा-सात फुटी फोम बोर्ड हवा. आठ-नऊ फुटी त्याला वळवताच येत नाही. आरक्षण करतानाच मुलाचं वजन सांगून मापाचा बोर्ड आहे का, हे विचारून घ्या. दहा वर्षांखालच्या दोन मुलांमागे एक शिक्षक, तासाभराहून मोठा धडा नको, आणि आई-बाबांपैकी एकानं कायम किनाऱ्यावर थांबायचं. दोघांनी एकदम पाण्यात उतरण्याचा मोह टाळावा.

सुट्ट्यांचं गणित असं: दिवाळीत मुळकी जमते, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात वादळं होतात, तेव्हा इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा लाटांचा इशारा रोज पाहावा. वेलिगामा तेव्हा नुकतं सुरू होत असतं. एप्रिलचा उत्तरार्ध दोन्हीकडे चालतो. मेच्या मध्यानंतर दोन्ही नकोत.

मुलं बारा-तेरा वर्षांची असतील, पोहण्यात पक्की असतील आणि आठ-दहा दिवस हाताशी असतील, तर वेलिगामा निवडणाऱ्याला मी चुकीचं म्हणणार नाही; फक्त नाताळ टाळून फेब्रुवारी धरावा, शाळेचं जमलं तर. कोलंबो विमानतळावरून द्रुतगती मार्गानं अडीच-तीन तास लागतात. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, त्याची मुदत आधी तपासा. सात ते अकरा वयाच्या, पहिल्यांदाच बोर्डवर चढणाऱ्या मुलांसाठी माझं मत मुळकीला. मत्स्यगंधा एक्स्प्रेस दुपारी लोकमान्य टिळक टर्मिनसवरून निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थेट मुळकी स्टेशनात उतरवते. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, आणि ऑक्टोबरातला प्रवास असेल तर कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकातली वेळ पाहून पहिला धडा त्याच दिवशी न ठेवता दुसऱ्या सकाळी ठेवा.