सवाईच्या बैठकीसाठी घेतलेले पँट-डायपर: तीन दिवसांचा अनुभव

पुण्यातला शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव रमणबागेत भरत असे तेव्हापासून मी त्याची श्रोती आहे. तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेल्यानंतर मात्र माझे जाणे थांबले, कारण लघवीची घाई लागली की दोन मिनिटेही धीर धरवत नसे, आणि दाटीवाटीच्या भारतीय बैठकीतून वाट काढत विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतले गाणे, अर्धवट सोडून उठणे मला असह्य होई. गेल्या डिसेंबरात प्रौढांसाठीचे पँटसारखे डायपर वापरून मी सलग तीन दिवस गाणे ऐकले.

खरेदी करताना कंपनीपेक्षा माप महत्त्वाचे आहे. पाकिटावर कमरेचा घेर सेंटिमीटरमध्ये दिलेला असतो. मी आधी अंदाजाने मोठे माप आणले. ते मांडीपाशी सैल राहिले आणि मांडी घालून बसताच बाजूने ओल आली. म्हणून योग्य माप मिळाल्यावर घरीच तीन तास सतरंजीवर बसून पाहिले, आणि हे प्रत्येकाने करावे असे मी आग्रहाने सांगेन. आतील पॉलिमरचे कण लघवी शोषून तिची जेल करतात हे खरे, तरी जमिनीवर बसल्यावर अंगाचा भार थेट त्यावर पडतो आणि डायपर बराच भरला असेल तर ओल पुन्हा त्वचेला जाणवते. डायपरवरची ओल दाखवणारी रेघ कपड्यांखाली दिसत नाही, त्यामुळे मी दोन कलाकारांमधल्या वेळेत तो बदलत असे.

मला सर्वाधिक धास्ती आवाजाची होती. बाहेरचे आवरण कापडासारखे असल्याने आलापाच्या शांततेतही सळसळ झाली नाही, आणि बागेश्री रागाचा विलंबित ख्याल मी कितीतरी वर्षांनी मन लावून पूर्ण ऐकला.

बदलणे साडीत फार सोपे जाते: दोन्ही बाजूंच्या शिवणी फाडून जुना काढता येतो आणि नवा खालून चढवता येतो. सलवारीत मात्र ती पूर्ण उतरवावी लागते, आणि ओल्या फरशीच्या तात्पुरत्या स्वच्छतागृहात ते फार अवघड होते. वापरलेला डायपर गुंडाळण्यासाठी वर्तमानपत्र आणि पिशवी जवळ ठेवावी.

पहिल्या दिवशी मी पाणीच प्यायले नाही, ही चूक झाली. लघवी दाट झाली की मूत्राशयाची जळजळ आणि घाई दोन्ही वाढतात. पुढे मी पाणी घोटघोट घेतले, चहा टाळला. थंडीत लघवी अधिक होते, म्हणून शालही नेली. अर्थात डायपर हा उपचार नव्हे. घाईमागे संसर्ग किंवा मधुमेह असू शकतो, तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवावे. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम मी त्यांच्याच सांगण्यावरून रोज करते.

दहा नगांचे पाकीट मला ४५० रुपयांना पडले आणि तीन दिवसांत त्यातले सात वापरले. निवृत्तिवेतनातून रोज हा खर्च मला पेलणार नाही, परंतु महोत्सवासाठी मी तो आनंदाने करेन. येत्या डिसेंबरात पुन्हा बैठकीचेच तिकीट काढणार आहे. फक्त जागा कडेची धरेन.